नव्या बंदिशी बांधणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या बंदिशींचं, म्हणजे रागात बांधलेल्या गीतांचं, रेकॉर्डिंग मिळालं, नीट ऐकलं. आवाज मोकळा लागलाय. मोबाइलमधला तानपुरा मात्र फार बारीक ठेवतेस, तो वाढव. तू विचारलंस की रचनाकार म्हणून नाव करायचं तर मुंबई-पुणं गाठावं का. त्याचं उत्तर पुढे देतो. मला आधी तुझ्या शेवटच्या ओळीवर बोलायचंय. 'क्लासमध्येच सगळा वेळ जातो, नवं कधी करणार?' असं तू लिहिलंयस. शिकवणं म्हणजे पोटापाण्याची सोय आणि रचना म्हणजे खरं काम, अशी फारकत तू कधी केलीस?

आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. गायक पं. सी. आर. व्यास धाराशिवचे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचे. जन्म 1924 चा. घरात संस्कृत आणि कीर्तन. किराणा घराण्याची तालीम गोविंदराव भातांब्रेकरांकडे, ग्वाल्हेरची राजारामबुवा पराडकरांकडे आणि त्यानंतर आग्र्याच्या वळणाचे जगन्नाथबुवा पुरोहित. जगन्नाथबुवा 'गुणीदास' या नावानं बंदिशी बांधत, व्यासांनी 'गुणिजान' घेतलं. त्या नावानं त्यांनी दोनशेहून अधिक बंदिशी केल्या. हा आकडा पाहून हुरळू नकोस. क्रम बघ. तीन गुरूंच्या बंदिशी गळ्यातून गेल्या, मग स्वतःचं नाव ओळीत आलं. आणि ते शेवटपर्यंत शिकवत राहिले. 1992 साली पद्मभूषण मिळालं, पण प्रभाकर कारेकर, गणपती भट असे गवई त्यांच्याकडे शिकले, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

जगन्नाथबुवांचा जोगकंस राग घे. नवे राग शेकड्यांनी होतात आणि करणाऱ्याबरोबरच जातात. हा टिकला, कारण त्यात 'सुघर बर पायो' आणि 'पीर पराई' या बंदिशी आहेत आणि त्या शिष्यांच्या गळ्यात उतरल्या. नुसते आरोह-अवरोह कोण लक्षात ठेवतं? तू दोन राग जोडून तिसरा केलायस, त्याला आजीचं नावही दिलंयस. भावना कळली. पण तो सध्या बाजूला ठेव. त्यात चलन, म्हणजे रागाचं स्वतःचं वळण, असं काही नाही, नुसती ये-जा आहे.

आता बंदिश. 'पनघट', 'गागर', 'ननदिया' हे सगळं तू वाचून घेतलेलं आहे. त्यात वाईट काही नाही, ब्रजभाषा या गाण्याला मानवते. पण बाळ, लातूरची तू. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा हंडे घेऊन रांगेत उभी राहिलेली. तुझा पनघट म्हणजे टँकर. टँकर बंदिशीत घाल असं म्हणत नाही, देवा शप्पथ घालू नकोस! पण अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, तू एक ओळ सहज टाकून दिलीयस, 'घिर आए, बरसे ना'. ती तुझी आहे. जूनमध्ये आभाळाकडे बघत बसणाऱ्या माणसाची आहे. तिचा मुखडा कर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ.

आणि मेघ रागात कर. त्यात गंधार-धैवत हे स्वर नाहीत, पसारा कमी. तुझ्या चालीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, 'घिर'वर येते. तिथे इकार आणि लगेच र, म्हणजे गळा आवळला जातो, थांबायला जागाच नाही. सोळा मात्रांच्या त्रितालात तेराव्या मात्रेवरून 'घिर' उचल आणि सम 'आए'च्या आकारावर घे. स्वर आंदोलित रिषभ, मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, लावून. मग बघ, गाणारा त्या 'आ'वर कितीही वेळ आवर्तनं खेळू शकेल. 'बरसे ना' मात्र पसरू नकोस, तोडून टाक. पाऊस आला नाही ना, मग शब्दही लांबायला नको.

हे मला कागदावर सुचलेलं नाही. वर्गात पोरांना बंदिश दिली की ती नेमकी कुठे श्वास घेतात ते दिसतं, आणि बहुतेक वेळा तिथे आपण जागाच ठेवलेली नसते. संगीतशास्त्री भातखंड्यांनी 'चतुर' नावानं लक्षणगीतं बांधली ती शिकणाऱ्यासाठीच: रागाची ओळख त्याच रागात गाऊन. तुझ्याकडे गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला बसणारी बारा-तेरा वर्षांची पोरं आहेत. त्यांच्यासाठी मध्यलयीतली, दोनच ओळींची बंदिश बांधून दाखव. मोठा ख्याल करण्यापेक्षा ते अवघड जाईल, लिहून ठेव.

दौलताबादला सहली नेतात तेव्हा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तेराव्या शतकात याच देवगिरीवर, सिंघण यादवाच्या दरबारी, शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. नोकरी हिशेबखात्यातली! त्यानं रचनाकारांची प्रतवारी लावलीय. शब्द आणि चाल दोन्ही उत्तम करणारा वरचा. चाल चांगली पण शब्द लंगडे, तो मधला. आणि दुसऱ्याच्या चालीत आपले शब्द बसवणाऱ्याला त्यानं 'कुट्टिकार' म्हटलंय. तुझी दुसरी बंदिश, सांगू का, या शेवटच्या घरात जाते. चाल ओळखीची आहे. कुणाची ते तुला माहीत आहे.

मुंबई-पुण्याचं म्हणशील तर जा की, ऐकायला जा. महिनाभर राहा, मैफली ऐक, जाणत्याकडे चार बंदिशी मागून घे. पण राहायला जाऊन भाड्यासाठी दिवसभर शिकवण्याच करणार असशील तर त्या इथे काय वाईट आहेत? गायक नाथराव नेरळकर नांदेडचे, औरंगाबादेत राहून आयुष्यभर शिकवत आणि गात राहिले. मराठवाड्यात राहिले म्हणून त्यांचं गाणं कुणाला कमी वाटलं नाही.

अजून एक. मुलांच्या वह्यांत प्रत्येक बंदिशीच्या वर रचनाकाराचं नाव लिहायला लाव, पारंपरिक असेल तर तसं लिही. तुझी असेल तिथेही नाव घाल, लाजू नकोस.

मेघातला मुखडा बसला की पाठव. ठेक्यावर म्हणून पाठव, नुसता गुणगुणून नको. तबलजी लग्नसराईत सापडत नाही, तेव्हा त्याला आत्ताच गाठ.

तुझा,
गुरुजी