चौदा लेख आणि एच-इंडेक्स तीन

प्रश्न : मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. एम्प्रेस मिल बंद पडल्यावर कामगारांच्या घरातल्या बायकांनी संसार कसा ओढला, यावर माझी पीएच.डी. आणि पुढचं बहुतेक लेखन. एकूण 14 लेख, त्यातले 6 मराठीत. गूगल स्कॉलरवर (शोधलेख शोधायची गूगलची साइट) सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या लेखनात दिलेले माझ्या लेखांचे संदर्भ, 23, एच-इंडेक्स 3. स्टाफरूममधल्या केमिस्ट्रीच्या सरांचा 19! प्रमोशनची फाईल द्यायची आहे. एक जण म्हणून राहिला, ‘मॅडम, पैसे भरा, सायटेशन वाढवून देतो.’ माझं काम खरंच एवढंसंच आहे का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, आधी त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा. मी हे हात पोळलेला म्हणून सांगतो. 2010 नंतर एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या कामगिरीचे, गुण जमवायची धावपळ सुरू झाली, तेव्हा मीही पैसे भरून एका नियतकालिकात लेख छापून घेतला होता. आठ दिवसांत स्वीकृती आली, एकही शंका न विचारता! तेव्हाच कळायला हवं होतं. आज त्या नियतकालिकाची वेबसाइटही उघडत नाही, आणि ती ओळ माझ्या बायोडाटातून मी लाजेनं काढून टाकली आहे.

आता तुमचा एच-इंडेक्स तीन. जितक्या लेखांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन मिळाली, तो हा आकडा. तुम्ही पाठवलेल्या पानावर लेखांची सायटेशन 9, 5, 4, 2, 2, 1 अशी आहेत. किमान तीन सायटेशन असलेले लेख तीन आहेत, चौथ्याला चार नाहीत, म्हणून इंडेक्स तीन. पण नीट बघा, ते दोन-दोनवाले लेख एकच आहेत. शीर्षकात ‘नागपूर’चं स्पेलिंग एकदा वेगळं पडलंय, एवढंच. ते दोन्ही निवडून एकत्र करा, की तिथे चार होतात आणि तुमचा इंडेक्सही चार.

दुसरं म्हणजे माहेरचं आडनाव. लग्नाआधीचे दोन लेख, 7 आणि 4 सायटेशनचे, तुमच्या प्रोफाइलवर नाहीतच. ते जोडा. बेरीज 34 होईल. इंडेक्स मात्र चारच राहील, हा त्या आकड्याचा हट्टी स्वभाव. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा अंकी क्रमांक काढून दोन्ही नावं तिथे नोंदवा. आपल्याकडे बायकांचं अर्धं संशोधन असं माहेरी राहून जातं.

मराठी लेखांचं दुखणं मोठं आहे. मराठी पुस्तकांच्या, नियतकालिकांच्या तळटिपा बहुतेक कोणतंच यंत्र वाचत नाही. तुमच्या लेखाचा आधार घेऊन कुणी मराठीत पुस्तक लिहिलं, तरी तुमच्या खात्यात शून्यच. पुढच्या लेखांना इंग्रजी शीर्षक आणि सारांश जोडा. लिहा मात्र मराठीतच. ज्या बायकांशी तुम्ही बोललात, त्यांच्या नाती तरी वाचतील.

केमिस्ट्रीच्या सरांचं म्हणाल, तर एच-इंडेक्स सुचवला तोच एका भौतिकशास्त्रज्ञानं, होर्हे हर्श यांनी, 2005 मध्ये. विषयागणिक हा आकडा बदलतो, हे त्यांनीही लिहून ठेवलंय. प्रयोगशाळेत एका लेखावर सहा-सात नावं असतात, आणि लेख पटापट निघतात. तुम्ही एकटीनं वस्तीत दोन उन्हाळे काढायचे, मग एक लेख. नियतकालिकाचं वजन मोजणारा इम्पॅक्ट फॅक्टर तर मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांची सायटेशन मोजतो. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या मिलबद्दलचा लेख दोन वर्षांत शिळा होतो थोडाच!

समितीसाठी हिशेब नीट लावून द्या, आकडे लपवू नका. सोबत तीनच लेख निवडा, प्रत्येकाखाली चार ओळी : नवीन काय सापडलं, कुणी वापरलं. तुमचा एक लेख जुन्या कामगारांनी थकलेल्या देण्यांच्या अर्जाला जोडला होता, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते पत्र शोधा, फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. ‘हे सायटेशन नाही’ असं कुणी म्हणालं, तर म्हणू द्या.

आणि ‘डबे आणि दिवाळीचा बोनस’ हा तुमचा मराठी लेख मला वाचायचाय. मी गूगल स्कॉलरवर अर्धा तास शोधला, सापडला नाही. झेरॉक्स पाठवाल का?