सहाव्या क्रमांकाचं अमिनो आम्ल आणि बी.एड.चा फॉर्म

पत्र: मी गुहागर तालुक्यात राहतो, हापूसची बाग आहे. मुलगी रत्नागिरीला बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत ६१ टक्के आहेत. तिला प्रथिनांच्या रचनेवर संगणकाने काम करायचं आहे. गेल्या वर्षी तिने सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर प्रोजेक्ट केला. हिमोग्लोबिनमधलं एक अमिनो आम्ल बदलून आधीचे आणि नंतरचे संपर्क मोजले. दोन्ही आकडे अगदी सारखे आले, म्हणून ‘या बदलाचा परिणाम होत नाही’ असं तिने लिहिलं. ५० पैकी २१ गुण मिळाले. गणपतीला मुंबईहून सगळे आले होते, तेव्हा मी रिपोर्ट दाखवला. आयटीतला पुतण्या म्हणाला, ‘काका, हे आता एआय करतं.’ तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर बी.एड. पुण्यात सहा महिन्यांचा बायोइन्फर्मेटिक्सचा कोर्स आहे, फी १ लाख ६० हजार, नोकरीची हमी देतात. एफडी मोडून घालू का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

एफडी मोडू नका. त्यावर पुढे लिहितो. पण पत्र वाचताना मी अडलो ते भरल्या घरात, चाकरमान्यांसमोर, मुलीचा फसलेला रिपोर्ट बाहेर काढलात तिथे. कशासाठी? सल्ला हवा होता तर विषय जाणणाऱ्याला विचारायचं होतं. पुतण्या आयटीत आहे म्हणजे त्याला प्रथिनं कळतात असं नाही. त्याच्या एका वाक्यावर तुम्ही मुलीला दिवाळीची मुदत दिलीत. एवढ्या मोठ्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एकाही ओळीत नाही. २१ गुणांपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं. असं एकदा झालं की मुलं पुढचा चुकलेला रिपोर्ट घरी दाखवत नाहीत. या क्षेत्रात चुकलेले निकाल दुसऱ्याला दाखवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

आता तो रिपोर्ट. तो मी पाहिलेला नाही, पण ‘आकडे अगदी सारखे’ या एका वाक्यावरून काय झालं असावं याचा बराच अंदाज येतो.

दोन अमिनो आम्लांमध्ये संपर्क आहे की नाही, हे कुठलातरी निकष लावून ठरवावं लागतं. एक प्रचलित निकष असा: दोघांच्या सी-बीटा अणूंमधलं (बाजूच्या शाखेचा पहिला कार्बन) अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी असेल तर संपर्क. ग्लायसिनला सी-बीटा नसतो, तिथे सी-अल्फा, म्हणजे कण्यातला कार्बन घेतात. प्रथिनाच्या घडीचा ढोबळ नकाशा काढायला हा निकष उत्तम आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसवलं (सिकल सेलमधला बदल तो हाच) तर कणा आणि सी-बीटा जागेवरच राहतात, फक्त त्यापुढची शाखा बदलते. मग ८ अँगस्ट्रॉमच्या निकषाने आकडे सारखेच येणार. त्यात हिमोग्लोबिनचा काही संबंध नाही, कोणत्याही प्रथिनात तेच होईल. बाजूशाखेचा परिणाम पाहायचा तर हायड्रोजन सोडून सगळे अणू घ्यायचे आणि मर्यादा साधारण ४.५ अँगस्ट्रॉम ठेवायची. हायड्रोजन बंधासाठी दाता आणि ग्राही अणूंमधलं अंतर ३.५ पर्यंत, क्षारसेतूसाठी विरुद्ध भारांच्या अणूंमधलं ४ पर्यंत. साखळीत लगतची आम्लं एकमेकांजवळ असणारच, ती यादीतून वगळायची. नाहीतर आकडा फुगतो आणि सांगत काही नाही.

समजा तिने निकष बदलला. तरी खरं कारण दिसेलच असं नाही, कारण सिकल सेलचा बिघाड एका रेणूच्या आत शोधून सापडत नाही. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बदललेलं आम्ल, म्हणजे बीटा साखळीतलं सहावं, पृष्ठभागावर आहे, त्याला स्वतःच्या रेणूत शेजारी थोडेच. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत या रेणूवरचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरच्या खोबणीत, ८५ क्रमांकाचं फेनिलअलॅनिन आणि ८८ क्रमांकाचं ल्युसिन यांच्यापाशी बसतं. रेणूला रेणू चिकटत लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी वाकडी होते. म्हणून प्रोटीन डेटा बँक या रचनांच्या संग्रहातली नेहमीच्या हिमोग्लोबिनची ४एचएचबी ही फाइल घेऊन तीत कृत्रिम बदल करण्यापेक्षा २एचबीएस घ्यायला हवी होती. ती सिकल हिमोग्लोबिनचीच रचना आहे, दोन पूर्ण रेणू, आठ साखळ्या. मोजायचे ते वेगवेगळ्या रेणूंतल्या साखळ्यांमधले संपर्क. एखाद्या व्हॅलिनचा जोडीदार फाइलमध्ये दिसला नाही, तर पायमॉल किंवा कायमेराएक्स या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्फटिकातले सममित शेजारी उभे करून पुन्हा पाहायचं.

आणखी एक खोच आहे, ती तिला नक्की विचारा. जनुकांच्या नव्या नोंदींत हाच बदल सातव्या क्रमांकावर दाखवतात, कारण तिथे सुरुवातीचं मिथिओनिन मोजतात. रचनेच्या फाइलमध्ये तोच सहावा. गंमत अशी की फाइलमधलं सातवं आम्लही ग्लुटामिकच आहे. त्यामुळे चुकून ७ बदललं तरी सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही, सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं.

शिवाय ऑक्सिजनयुक्त रूपाशी तुलना करायला तिने १एचएचओ घेतली असेल, तर त्या फाइलमध्ये चारऐवजी दोनच साखळ्या आहेत. उरलेला अर्धा रेणू सममितीने तयार करावा लागतो, नाहीतर दोन अर्ध्यांमधले सगळे संपर्क ‘नाहीसे झाले’ असं वाटतं. पाणी काढून टाकताना हेट-अणूंच्या (साखळीबाहेरच्या अणूंच्या) सगळ्या ओळी खोडल्या तर हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त भागही जातो. हिमोग्लोबिनमधून हीम गेला की उरलं काय?

मापन तिने बहुधा नीट केलं होतं, पण जो निकष तो बदल टिपूच शकत नाही त्याने मोजलं, आणि निष्कर्ष आकड्यांच्या पुढे धावला. २१ गुण मला कमी वाटतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

पुतण्याच्या वाक्याबद्दल. तो म्हणतो ते एआय म्हणजे अल्फाफोल्ड, अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची रचना वर्तवणारं. त्याचं काम मोठं आहे यात शंका नाही. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा त्यासाठी हसाबिस आणि जंपर यांना मिळाला, दुसरा अर्धा संगणकाने नवी प्रथिनं घडवण्यासाठी बेकर यांना. १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज प्रयोगाने ठरवलेल्या दोन लाखांहून जास्त रचना आहेत. अल्फाफोल्डच्या संग्रहात वीस कोटींहून जास्त अंदाज आहेत. अंदाज, हे विसरायचं नाही. त्यातल्या बहुतेक फाइल्समध्ये एकटी साखळी असते, हीम नसतो, शेजारचा रेणू नसतो. म्हणजे सिकल सेलचं कारण जिथे आहे नेमकी तीच जागा रिकामी. एका आम्लाच्या बदलाने काय बिघडेल हे सांगण्यासाठी तो घडवलेलाही नाही. मूळ आणि बदललेली साखळी दिली तर बहुधा जवळपास सारखीच रचना मिळते, म्हणजे तुमच्या मुलीचाच निकाल, जास्त झोकात. वर एक सापळा: प्रयोगातल्या फाइलमध्ये ज्या रकान्यात बी-फॅक्टर असतो, तिथे अल्फाफोल्ड आपला विश्वासाचा गुण लिहितो. पहिल्यात मोठा आकडा म्हणजे डळमळीत भाग, दुसऱ्यात मोठा आकडा म्हणजे खात्रीचा. हे माहीत नसलेला माणूस नेमका उलटा अर्थ लावतो. रचना वाढल्या तशी त्या वाचणाऱ्यांची गरज वाढली आहे. काम जातंय ते फक्त बटण दाबून चित्र काढणाऱ्यांचं.

आणि तो पुण्यातला कोर्स बटण दाबायलाच शिकवण्याची शक्यता जास्त. बाटलीवर ‘खात्रीशीर’ छापलंय म्हणून तुम्ही मोहोरावर फवारणी करत नाही. कोणत्या किडीवर, किती प्रमाणात, हे आधी विचारता. इथेही विचारा: गेल्या तुकडीतली किती मुलं, कोणत्या कंपनीत, किती पगारावर लागली? लेखी द्या म्हणा. लागणारं सगळं फुकट मिळतं: रचना, कायमेराएक्स, पायथन, त्यातलं बायोपायथन. ४एचएचबीची फाइल एक एमबीच्याही आत आहे, गावातल्या रेंजवर उतरते. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. सुरुवात १सीआरएन या फाइलपासून करावी, ४६ आम्लांचं छोटं प्रथिन. एकूण जोड्या १०३५, म्हणजे प्रोग्रॅमने काढलेली यादी डोळ्यांनी तपासता येते. त्यात सल्फरचे तीन बंध आहेत, आम्ल क्रमांक ३-४०, ४-३२ आणि १६-२६. ते यादीत आले नाहीत तर प्रोग्रॅम चुकला.

एम.एस्सी. प्रवेशाच्या परीक्षा नेहमीच्याच: आयआयटी जॅम, सीयूईटी-पीजी, गॅट-बी, विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा; पात्रतेच्या टक्क्यांची अट प्रत्येक संस्थेच्या पत्रकात बघा. माझं मत विचाराल तर पदवीच्या नावात ‘बायोइन्फर्मेटिक्स’ असण्याचा हट्ट नको. रसायनशास्त्रात किंवा जैवभौतिकीत एम.एस्सी., जोडीला संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग, हा पाया जास्त टिकतो. एम.एस्सी.वर मोठ्या पगाराची आशा धरू नका. खरं संशोधन करायचं तर पुढे पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं आहेत. मात्र नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार आणि घरभाडे भत्ता मिळतो, तुम्हाला पैसे घालावे लागत नाहीत. बी.एड. वाईट नाही, पण ते एम.एस्सी.नंतरही होतं, आणि शिक्षक भरती पाहता ती हमखास नोकरी आहे असंही समजू नका.

दिवाळीची मुदत मागे घ्या आणि हे तिला स्पष्ट सांगा. पुढचं पत्र तिने लिहावं. कोणता निकष लावला होता, पाणी आणि हीम यांचं काय केलं, आणि बदललेलं आम्ल सहावं होतं की सातवं, एवढं कळवायला सांगा. रिपोर्टही पाठवू दे.