खिळा, मोरचूद आणि अभिक्रियेचा प्रकार

तुम्ही ५० मिली पाण्यात १० ग्रॅम मोरचूद (निळं कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) विरघळवून त्यात एक इंची खिळा टाकलात. दोन तासांनी खिळा तांबूस झाला, पण द्रावण निळंच राहिलं. अभिक्रिया झाली का, आणि ती विस्थापन म्हणायची की रेडॉक्स, असं विचारलंय.

अभिक्रिया झालीच आहे. चुकलाय तो हिशेब. २५० ग्रॅम मोरचुदाला ५६ ग्रॅम लोखंड लागतं, म्हणजे १० ग्रॅमला सव्वादोन ग्रॅम. एक इंची खिळा तेवढ्या वजनाचा नसतोच. शिवाय वर तांबं बसलं की आतल्या लोखंडापर्यंत द्रावण नीट पोहोचत नाही.

पुढच्या वेळी मोरचूद १.२५ ग्रॅमच घ्या, त्याला ०.२८ ग्रॅम लोखंड पुरतं. खिळ्याऐवजी अर्धा ग्रॅम लोहकीस टाकून ढवळत राहा. खिळाच हवा असेल तर पॉलिश पेपरने चकचकीत घासा, त्यावर तेलाचा हात असतो. गॅल्व्हनाइज्ड खिळ्यावरचं जस्त आधी अभिक्रिया करतं आणि काळपट, भुसभुशीत थर बसतो. स्टेनलेसचा तर घेऊच नका.

आणि गडद हिरव्या रंगाची वाट पाहू नका. तांब्याच्या जागी लोखंड आल्यावर बनणारं फेरस सल्फेट (+२ लोखंडाचा क्षार) एवढं विरल असलं की जवळजवळ रंगहीनच दिसतं. पिवळट गढूळपणा आला तर हवेने फेरसचं फेरिक (+३ लोखंड) झालंय. सुरुवातीलाच विरल सल्फ्युरिक आम्लाचे एक-दोन थेंब घातले की तो टळतो. जास्त घातलंत तर लोखंडावर हायड्रोजनचे बुडबुडे येतील.

आता नाव. दोन्ही बरोबर. 'विस्थापन' म्हणजे कोणी कोणाची जागा घेतली; 'रेडॉक्स' म्हणजे इलेक्ट्रॉन कोणी दिले. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देऊन शून्यावरून +२ झालं, तांबं ते घेऊन +२ वरून शून्यावर आलं. समीकरणात एखादं मूलद्रव्य एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला संयुगात असेल, तर रेडॉक्स नक्की. म्हणून मॅग्नेशियम जळणं हे संयोगही (दोन पदार्थांचा एक होणं) आहे आणि रेडॉक्सही. कळीच्या चुन्यात पाणी घालणं मात्र नुसता संयोग, भांडं कितीही तापलं तरी. अपघटनातही (एका पदार्थाचे अनेक होणं) तेच: चुनखडी भाजली तर रेडॉक्स नाही, फेरस सल्फेट तापवलं तर आहे, कारण मोकळं मूलद्रव्य नसलं तरी लोखंड +२ वरून +३ होतं.

दुहेरी विस्थापनात आयन फक्त जोडीदार बदलतात, त्यामुळे तिथे रेडॉक्स नसतं. पण कागदावर जोड्या बदलल्या म्हणजे अभिक्रिया झाली असं नाही. मीठ आणि पोटॅशियम नायट्रेटची द्रावणं मिसळून काहीच होत नाही. अवक्षेप (न विरघळणारा साका), वायू किंवा पाणी तयार व्हायला हवं. मिठासोबत अवक्षेप पाहायला सिल्व्हर नायट्रेट वापरणार असाल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे मीठ घालण्याआधीच द्रावण दुधाळ होतं.