देव मानला नाही तर चूक-बरोबर फक्त मतापुरतंच उरतं का?

नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या पैठणकडे एकनाथ महाराजांची एक गोष्ट घराघरांत सांगतात. रामेश्वराला वाहायला आणलेलं काशीचं गंगाजल नाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. नाथांना त्या गाढवातही देवच दिसला. पण गोष्ट ऐकणारा पक्का नास्तिक असला, तरी नाथांनी योग्य केलं हे त्यालाही पटतं. जीव तहानेनं जात होता, एवढं कारण त्याला पुरतं.

आणि याच मराठवाड्यात गावोगावी देवाधर्माच्या नावानं माणसांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. गाव एकमुखानं म्हणायचं की हेच बरोबर. शास्त्राचे दाखलेही होते. तरी ते चूक होतं, आणि आज आपल्याला तसं वाटतं म्हणून नव्हे, तेव्हाही चूकच होतं. वस्तुनिष्ठ नीती म्हणजे मी एवढंच समजतो. देवाची आज्ञा हाच शेवटचा आधार मानला, तर त्या दाखल्यांविरुद्ध बोलायचं कशाच्या जोरावर?

ही अडचण जुनी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? यावर आस्तिकांचं सर्वात भक्कम उत्तर असं, की चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे. ते सहज खोडता येत नाही. पण तो स्वभाव चांगला आहे हे ओळखायला चांगल्याची पारख आपल्यापाशी आधीच असावी लागते. म्हणजे निदान त्या पारखीसाठी तरी श्रद्धेची अट नाही.

आपल्याकडे तर हे नवंही नाही. वेरूळची 1 ते 12 लेणी बौद्धांची, 30 ते 34 जैनांची. जग निर्माण करणारा ईश्वर दोघांनाही मान्य नाही, तरी हिंसा वाईट हे त्यांच्या लेखी ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडलेलं नाही. मीमांसक, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ, तर वेद प्रमाण मानणारे, पण त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारला आणि धर्म, म्हणजे माणसाचं कर्तव्य, मात्र अढळ ठेवला.

देव नसेल तर नीती बंधनकारक कशामुळे, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं ते बंधन बुद्धीत शोधलं. मला ते दुसऱ्याच्या वेदनेत दिसतं. तहानलेल्याची तहान माझ्या मान्यतेवर अवलंबून नसते, आणि हातात पाणी असताना मला ती दिसली की ‘मी का द्यावं?’ यापेक्षा ‘मी का देऊ नये?’ याचंच कारण मला द्यावं लागतं.