पट्टा बांधून बसलेली ती

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात आईला घेऊन पहिल्यांदाच लांबचा विमानप्रवास केला. मध्यरात्रीनंतर विमान असं काही हलायला लागलं की आई रडायलाच लागली. मी तीनदा बेल दाबली, कुणी आलं नाही. समोरच्या घडीच्या खुर्चीवर एक एअर होस्टेस स्वस्थ बसून होती. तिने आईकडे बघून फक्त मान हलवली. इतकं कोरडं कसं राहता येतं? या मुलींना भीती वाटत नाही, की वाटत नसल्याचं नुसतं दाखवतात?

उत्तर : हे उत्तर आईंनाही वाचून दाखवा.

मी २२ वर्षं केबिन क्रूमध्ये होते, त्यातली शेवटची ९ पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख म्हणून. भीती वाटते. विमान खाली जाताना तुमच्या पोटात जो गोळा येतो, तो आमच्याही येतो. इतक्या वर्षांत तो काही गेला नाही. पण ती मुलगी उठली नाही याला कोरडेपणा म्हणू नका. ती का उठली नाही ते मला माझ्या डाव्या घोट्यामुळे कळलंय.

नोकरीचं सहावं वर्ष. पट्ट्यांचा दिवा लागला होता, आम्ही ट्रॉली आत लावून कड्या घातल्या होत्या. माझी सहकारी पट्टा बांधून बसलीसुद्धा. मागून तिसऱ्या रांगेत एक मूल जिवाच्या आकांताने रडत होतं आणि त्याची आई माझ्याकडे बघत होती. "आलेच," म्हणत मी निघाले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि विमान खाली गेलं. मी मात्र होते तिथेच राहिले, म्हणजे हवेत. डोकं छताला आपटलं. लगेच विमान वर आलं आणि मी सगळं वजन घेऊन घोट्यावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मूल त्याच्या पट्ट्यात सुखरूप होतं. पुढे एका गृहस्थांचं कपाळ फुटून रक्त येत होतं, आणि ते थांबले होते, कारण दोघी सहकारी मला गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात ओढून नेत होत्या, घडी केलेल्या ब्लँकेटने पाय बांधत होत्या. म्हणजे मदतीला धावलेली मी, मदत करणारे दोन हात वाढवायचे सोडून चार हात अडवून बसले. त्या गृहस्थांची मी नंतर माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. हे मला आजही लागतं.

ती मुलगी नुसती बसली नव्हती. तुम्ही पाहिलं असेल, तिची पाठ आणि डोकं मागे टेकलेलं असणार, दोन्ही खांद्यांवरून पट्टे, तळवे मांड्यांखाली दाबलेले. हात असे दाबून ठेवायचे, म्हणजे धक्क्यात ते भिरकावले जात नाहीत. आणि मनात ती उजळणी करत असणार : माझं दार कुठलं, हँडल कुठल्या दिशेने फिरतं, बाहेर आधी बघायचं, मदतीला कुणाला उठवायचं, मधल्या वाटेत काही अडकलंय का. याला आम्ही सायलेंट रिव्ह्यू म्हणतो. तो उड्डाण आणि उतरण्याच्या वेळचा रिवाज. पण हादऱ्यांतही आमच्यातल्या बऱ्याच जणी तोच धरून बसतात. मनाला एकामागून एक काम दिलं की भीती असते, पण पुढे येत नाही. आणि तुमच्या आईंकडे बघून तिने मान हलवली ना? ती मुद्दाम. तिथून तिला तेवढंच देता येत होतं, आणि तिने ते दिलं.

आईंना एक आकडाही सांगा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर भयंकर हादरलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. प्राथमिक तपासात दिसलं की विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली गेलं होतं. आत बसलेल्याला विमान हजारो फूट कोसळतंय असं वाटतं, कारण खिडकीबाहेर मोजायला काही नसतं. ३७ हजार फुटांवर १७८ फूट विमानाला काहीच नाहीत. पट्टा न बांधलेल्या माणसाला मात्र ते छतावर आपटायला पुरतात. पंख तुटतील ही भीतीही त्यांनी सोडावी. १९९५ मध्ये बोइंग ७७७चे पंख जमिनीवर मुद्दाम मोडेपर्यंत वाकवले गेले. ते सुमारे २४ फूट वर वाकले आणि उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर जाऊन मोडले. पंख हलताना दिसले तर हलू द्यावेत, ते त्यासाठीच तसे बनवलेत.

निरभ्र हवेतले हादरे रडारवर दिसत नाहीत. रडारला पावसाचे थेंब दिसतात, कोरड्या हवेत ते असणार कुठून? रेडिंग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवर असे तीव्र हादरे १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढलेत. म्हणून दिवा विझला तरी पट्टा सोडू नका. झोपताना तो पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे तपासायला आम्हाला तुम्हाला उठवावं लागत नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझं केबिन क्रूचं प्रशिक्षण सुरू होतंय. मी लवकर घाबरते. मला जमेल का?

उत्तर : जमेल. मला घाबरणाऱ्या मुलींची काळजी कधी वाटली नाही. माझ्यासारखं "आलेच" म्हणणाऱ्यांची वाटायची. ट्रॉली सोडण्याआधी लाल पेडल दाबायचं, गरम भांडी खाली ठेवायची, आणि जागेवर पोचता येत नसेल तर जवळची रिकामी सीट धरायची. तीही नसेल तर सरळ जमिनीवर बसून सीटच्या दांड्याला घट्ट धरायचं. प्रवासी बघतात म्हणून लाजायचं नाही. हादरे थांबून कॅप्टनने उठायला सांगितलं की टॉयलेटची दारं आधी वाजव, आत कुणी पडलेलं असू शकतं.

आणि इंटरकॉम उचलण्याआधी श्वास पूर्ण सोड. छाती भरलेली असली की आवाज चिरकतो, आणि तो चिरका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. सोडलेल्या श्वासावर "बसून राहा, पट्टा बांधा" एवढंच म्हण. घरी रोज दहा वेळा म्हणून बघ, मोठ्याने.