शाळेला २५ हजार मिळणार आहेत. तीन दिव्यांग मुलांसाठी कोणती साधनं घ्यावीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. करवीर तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा, आठवी-नववीचे वर्ग. एका मुलीला फार कमी दिसतं. एका मुलाला श्रवणयंत्र आहे, तरी वर्गात चाललेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिसरा तोंडी सगळं सांगतो, पण वाचता-लिहिता अडतो. माजी विद्यार्थी २५ हजार देणार आहेत आणि मुख्याध्यापकांच्या मनात एक चांगला टॅब घ्यायचं आहे.

टॅब घेऊ नका. निदान पहिल्या झटक्यात तरी नको.

मी जिल्ह्यातल्या शाळांतून फिरणारी विशेष शिक्षिका आहे. माझं मूळ प्रशिक्षण दृष्टिदोषाचं, त्यामुळे त्या मुलीबद्दल जास्त बोलणार, हे आधीच सांगून ठेवते. टॅबचं काय होतं ते मी बऱ्याच शाळांत पाहिलंय. तो डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, चढतो. डेडस्टॉकला चढला की फुटण्याची भीती, भीतीपोटी कपाट, कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडसरांच्या खणात. जिच्यासाठी घेतला तिच्या हाती तो कधीतरी शेवटच्या तासाला येतो. हेडसरांनाही दोष देत नाही, ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. म्हणून जे काही घ्याल ते मूल घरी नेणार, पालक सही करून नेणार, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आधी करून घ्या. खरेदी त्यानंतर.

आता ती मुलगी. तिच्यासाठी पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत. खिडकीचा उजेड तिच्या पाठीमागून किंवा बाजूने यावा, तोंडावर नको. फळा घासून राखाडी झाला असेल तर काळा करून घ्या. चकचकीत पांढरा बोर्ड असेल तर त्यावर प्रकाश चमकतो आणि कमी दिसणाऱ्या मुलांना तो उलट त्रासाचा पडतो. काळ्या कार्डशीटला एका ओळीएवढी खाच कापा. ती पुस्तकावर ठेवली की फक्त एक ओळ दिसते, आजूबाजूच्या ओळी डोळ्यांत घुसत नाहीत. पुस्तक डोळ्यांजवळ आणायला ती दिवसभर वाकून बसत असेल, तर तिरका स्टँड हवा. आपल्याकडे कोल्हापुरात कारखान्यांचं उद्यमनगर असताना तो ऑनलाइन मागवण्यात काय अर्थ? कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप द्या, खाली पुस्तक अडेल अशी पट्टी लावायला सांगा आणि दोन-तीन जास्तीचे करून घ्या. ते जास्तीचे इतर मुलांना वापरू द्या. यामागे कारण आहे. आठवीतल्या मुलीला आपण वेगळं दिसू नये असं वाटतं. फळा वाचायची छोटी दुर्बीण दप्तरात असूनही ती न काढता शेजारणीच्या वहीतून उतरवून घेणाऱ्या मुली मी पाहिल्यात. स्टँड चौघांकडे असला, फळ्याचा फोटो काढायची परवानगी सगळ्यांनाच असली, की तिचं साधन नजरेत येत नाही.

भिंग आणि दुर्बीण मात्र नेत्रतज्ज्ञांनी, शक्यतो लो व्हिजनची तपासणी करणाऱ्यांनी, ठरवून द्यायला हवी. दुकानातलं मोठं भिंग मोठं दिसतं एवढंच.

यानंतर यंत्रं, आणि यंत्रांच्या आधी मजकूर. मला सर्वांत जास्त सांगायचंय ते इथेच. पडद्यावरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर फुकट मिळतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो. विंडोजसाठी एनव्हीडीए आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ते २००६ साली सुरू केलं, आणि आजही त्याला पैसे पडत नाहीत. ते पेनड्राइव्हवर टाकून नेता येतं, शाळेच्या संगणकात इन्स्टॉल करायची गरज नाही, त्यामुळे आयसीटी लॅबमधला कुठलाही चालू संगणक तिचा होऊ शकतो. त्यात ई-स्पीकचा मराठी आवाज आहे. तो कोरडा, यंत्रासारखा आहे. मुलं पहिल्यांदा ऐकून हसतात. नंतर त्याच आवाजाचा वेग असा वाढवतात की आपल्याला अवाक्षर कळत नाही.

पण हे वाचणार काय? घटक चाचणीचा पेपर डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये करून देतो. श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर आपल्याला ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतंच रोमन चिन्ह असतं. तुम्हाला शुद्ध मराठी दिसतंय आणि स्क्रीन रीडर तिला अगम्य काहीतरी ऐकवतोय, असा प्रकार होतो. ‘बाई, ह्यो इंग्लिशमध्येच बोलायलाय’ असं एका पोराने मला सांगितलं होतं. बिचाऱ्या यंत्राचा त्यात काही दोष नव्हता.

तुमच्याकडच्या कुठल्याही पीडीएफची परीक्षा अशी घ्या: एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी जसंच्या तसं आलं तर फाइल चांगली. वेडीवाकडी अक्षरं आली तर बहुधा जुना फॉन्ट. मजकूर निवडताच आला नाही, तर तो नुसता फोटो आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यांनाही हीच परीक्षा लावा, मिळाली म्हणजे वाचता आली असं धरून चालू नका. डीटीपीवाल्याला ‘यूनिकोडमध्ये (म्हणजे संगणकालाही ‘क’ हा ‘क’च कळेल अशा पद्धतीत) द्या, आणि वर्ड फाइलही द्या’ असं स्पष्ट सांगा. श्री-लिपीच्या नव्या आवृत्त्यांत ती सोय आहे, पण गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय कोण देतो?

फोटो असलेली पानं गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की त्यातलं मराठी अक्षर मजकुरात येतं. बरंच चांगलं येतं. मात्र जोडाक्षरं, रफार, तक्ते आणि गणिताची मांडणी इथे घोटाळे होतात, आणि विज्ञानाच्या पुस्तकात एक चुकलेला अंक म्हणजे चुकीचं शिक्षण. कुणीतरी माणसाने बसून ते मूळ पुस्तकाशी ताडून बघावंच लागतं. २५ हजारांतले आठ-दहा हजार मी या माणसासाठी ठेवीन. गावात टायपिंग येणारी, कॉलेजात जाणारी एखादी मुलगी असतेच. पानामागे पैसे ठरवा. पहिल्या सत्रात इतिहास, भूगोल, मराठी एवढंच घ्या, गणिताच्या नादी सुरुवातीला लागू नका.

‘पुस्तक असं उतरवणं बेकायदा नाही का?’ असं कुणी विचारेल. नाही. दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात, नफा न कमावता, प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा परवानगी देतो. याच विषयावरच्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच, २०१४ साली. आणि टाइप करायला बसण्याआधी सुगम्य पुस्तकालयात तिचं नाव नोंदवून तिथे शोधा. २०१६ पासून चालू असलेलं ते ऑनलाइन ग्रंथालय आहे. तुम्हाला हवं ते पुस्तक कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असू शकतं.

यंत्र घ्यायचंच तर टॅबऐवजी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून एक वापरलेला, वॉरंटीसह मिळणारा लॅपटॉप घ्या. बटणांचा कीबोर्ड असला की ती नुसतं ऐकत बसणार नाही, लिहील. तिला इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची पद्धत शिकवा. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय आपल्याला सोपी वाटते, पण पडद्यावर आलेल्या पर्यायांतून शब्द निवडणं न दिसणाऱ्याला जड जातं. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक अक्षराची जागा पक्की असते, बोटांना ती पाठ होते.

श्रवणयंत्रवाल्या मुलाबद्दल. यंत्र चष्म्यासारखं नसतं, लावलं की स्पष्ट झालं असं होत नाही. ते सगळंच मोठं करतं: तुमचा आवाज, पंखा, बाकांची सरकासरकी, आणि जुलैत पत्र्यावर कोसळणारा पाऊस. शिवाय बोलणारा लांब गेला की आवाज झपाट्याने पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने घटतो. म्हणून त्याला दुसऱ्या बाकावर, भिंतीकडे यंत्राविना कान आणि वर्गाकडे यंत्राचा कान अशा बेताने बसवा. दोन्ही कानांना यंत्र असेल तर मधोमध बसवा. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावा. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, हा नियम सगळ्या शिक्षकांनी पाळायचा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की बोलणं थांबवून लिहायला लागा, त्या वेळी इतर पोरांनाही काही ऐकू येत नसतं.

यंत्र शिटी मारतंय का, ते विचारा. मारत असेल तर बहुधा कानातला साचा लहान झालेला असतो, कारण मुलांचे कान वाढतात. पावसाळ्यात दमटपणाने यंत्रं बंद पडतात. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं आणि त्याआधी सेल काढायचा. शिक्षकाच्या गळ्यातल्या माइकमधून आवाज थेट यंत्रात पोचवणारी उपकरणंही मिळतात आणि वर्गात खरा फरक तेच करतात. पण ती महाग असतात आणि प्रत्येक यंत्राशी जुळतातच असं नाही. त्याच्या ऑडिओलॉजिस्टला मॉडेल दाखवल्याशिवाय घेऊ नका. तोवर शिक्षकाच्या फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब चालवून बघा. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या मदतीने ते २०१९ मध्ये आलं. बोललेलं मराठी अक्षरांत येतं, पण त्याला चांगलं नेटवर्क लागतं. गोंगाटात आणि आपण कोल्हापुरीत सुटलो की ते भरकटतं. समोरासमोर शंका सोडवायला उत्तम, अख्ख्या तासाला अपुरं.

तिसऱ्या मुलाला बहुधा काहीच विकत घ्यायला नको. त्या मुलीसाठी तयार झालेला यूनिकोड मजकूर त्यालाही कामाचा: फोन वाचून दाखवील, तो पुस्तकात बोट ठेवून सोबत बघेल. निबंधाचा कच्चा मसुदा त्याला गूगलच्या मराठी आवाजी टायपिंगवर बोलू द्या, मग विरामचिन्हं आणि परिच्छेद त्याच्याकडूनच घालून घ्या. काही शिक्षकांना ही पळवाट वाटते. माझं मत असं की विचार मांडता येतात का हे तपासायचं असेल तर ऱ्हस्व-दीर्घ आड येऊ देऊ नये. शुद्धलेखन वेगळ्या तासाला घ्या.

शासनाने द्यायचं ते या पैशांतून घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं सतरावं कलम पाहा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि सहायक साधनं मोफत द्यायची आहेत. समग्र शिक्षा अभियानातही अशा मुलांसाठी दरसाल दरडोई ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. श्रवणयंत्र, ब्रेल साहित्य, व्हीलचेअर या गोष्टी केंद्राच्या एडिप योजनेतून, शिबिरांत मिळतात. त्यासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, हवं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी फेऱ्या होतात, पालकांची मजुरी बुडते. देणगीतले थोडे पैसे एसटी-रिक्षासाठी बाजूला ठेवले तर ते माझ्या मते टॅबपेक्षा बरे लागतील. कागदपत्रांच्या प्रती शाळेतही ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी घरांत आधी कागद गेले.

आणि दहावीचं आत्तापासून बघा. लेखनिक, जादा वेळ या सवलतींसाठी अर्ज शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. कोणत्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र चालतं ते, विशेषतः तिसऱ्या मुलासाठी, मंडळाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर राहू नका. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान २० मिनिटं जादा देण्याचं म्हटलंय, पण तो वेळ वापरता यायला हवा. लेखनिकाला सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कसब आहे: वाक्य मनात पूर्ण करायचं, मग सांगायचं, आकृतीला कुठे काय नाव द्यायचं ते शब्दांत बोलायचं. नववीच्या सहामाहीपासून प्रत्येक चाचणीला लेखनिक द्या.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती. मुलीचं निदान काय आहे? नजर आहे तेवढी टिकणार असेल तर वरचं पुरेसं आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसासारखं, पुढे कमी होत जाणारं काही असेल तर ब्रेल आत्ताच सुरू करावं लागेल, आणि मग खर्चाचा हिशेब बदलेल. नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर काय लिहिलंय ते पालकांना विचारून कळवा.