वाचकांचे प्रश्न: हॉट रॉडसाठी जुना मागचा एक्सल

प्रश्न: वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही दोघं मित्र १९३०च्या दशकातल्या फोर्डच्या ढंगाची हॉट रॉड (जुन्या ढंगाच्या चासीवर दमदार इंजिन बसवून घरी बांधलेली गाडी) बांधतोय. चासी तयार आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स काँटेसाचा १.८ पेट्रोल, मागे पाटे बसवणार आहोत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या जीपचा, बोलेरोचा आणि ॲम्बेसेडरचा असे तीन एक्सल दाखवलेत. अमेरिकन मासिकांत जो तो फोर्डच्या नऊ इंची एक्सलचं नाव घेतो. आम्ही कुठला घ्यावा? (कोपरी, ठाणे)

उत्तर: नऊ इंचीचा नाद सोडा. १९५७ साली आलेला तो एक्सल मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी उत्तम आहे, पण त्याचा पिनियन (शाफ्टकडून ताकद आणणारा लहान गिअर) क्राऊनच्या (चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्याच्या बराच खाली बसतो. दात मजबूत होतात, घर्षणात ताकदही जास्त जाते. शंभर हॉर्सपॉवरही न गाठणाऱ्या इंजिनाला हा खर्च कशाला?

बाजारात जाण्याआधी गाडी मोजा. दोन मडगार्डांच्या आतल्या कडांमधलं अंतर समजा १५०० मिमी आहे. दोन्ही बाजूंना ३० मिमी मोकळी जागा सोडली की १४४० उरतात. टायर २१५ रुंदीचा असेल तर दोन टायरांच्या मध्यांमधलं अंतर १२२५ मिमी यायला हवं. चाकाचा ऑफसेट, म्हणजे बोल्टची बैठक रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे तो आकडा, शून्य असेल तर ड्रमच्या तोंडापासून तोंडापर्यंतही तेवढंच. ऑफसेट अधिक १० असेल तर १२४५ लागेल, कारण तेवढं चाक आत सरकतं. सीजे-३बी जीपचा मूळ ट्रॅक (डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधलं अंतर) १२२५च्या आसपास आहे, पण तो तिच्या मूळ चाकांसकटचा. म्हणून विकणारा ट्रॅक सांगेल तो ऐकून घ्या आणि टेप ड्रमच्या तोंडालाच लावा.

मग रेशो, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्यात पिनियनचे किती फेरे होतात तो आकडा. पाटीवरचा आकडा धरू नका, आतला क्राऊन-पिनियन कधी बदलला गेला असेल कोण जाणे. एक ड्रम मित्राला घट्ट धरायला सांगा. दुसऱ्या ड्रमवर आणि पिनियनच्या फ्लँजवर (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूची खूण करा, ड्रम बरोबर २० फेरे फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. त्यांना १०ने भागलं की रेशो. एकच ड्रम फिरत असल्यामुळे त्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊनचा एक फेरा होतो, म्हणून २०. सव्वासदतीस फेरे आले तर ३.७३, पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८, पावणेचोपन्न आले तर ५.३८.

याचा अर्थ रस्त्यावर कळतो. २१५/७५ आर १५ टायरचा घेर सुमारे २.२१ मीटर. थेट १:१ गिअरमध्ये ताशी ८० किमीला ३.७३वर इंजिन २२५०च्या आसपास फिरेल, ४.८८वर २९५० आणि ५.३८वर ३२५०. शेवटचा रेशो जुन्या जीपमध्ये हमखास सापडतो. चिखलातून निघायला झकास, हॉट रॉडमध्ये मात्र कान किटतील. जीपचं आणखी एक: तिचा डिफरन्शियल (क्राऊन-पिनियनचा गोळा) मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो. मधल्या गिअरबॉक्सपासून प्रोपेलर शाफ्ट तिरका जाईल. शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसना हा तिरकेपणा सोसतो, पण फ्लोअरचा बोगदा त्याच बाजूला रुंद करावा लागेल.

रुंदी जुळली तर आमची पहिली पसंती ॲम्बेसेडरला. डिफरन्शियल पुढच्या बाजूने अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे सेटिंग टेबलावर करता येतं. बोलेरो दणकट आहे, पण ओझं वाहणाऱ्या गाडीचे ब्रेक हलक्या शेपटीच्या रॉडला जास्त होतात आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होतात. बोलेरोच घेतला तर लहान व्हील सिलिंडर किंवा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हची (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हची) सोय ठेवा. जीप आणि बोलेरो, दोघांचंही पीसीडी (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) पाच बोल्ट, १३९.७ मिमी. पाच बोल्टांत शेजारचा सोडून पुढच्या बोल्टाच्या मध्यापर्यंत मोजा आणि १.०५१ने गुणा. १३२.९ आलं तर १३९.७चंच आहे.

तपासणीत घाई नको. दोन्ही ड्रमच्या तोंडाला सुमारे ७०० मिमीची सरळ पट्टी बोल्टने कसा. पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला मोजा. दोन-तीन मिमीहून जास्त फरक आला की ड्रम अर्धा फेरा फिरवून परत मोजा. फरक उलटा झाला तर वाकडा शाफ्टचा फ्लँज किंवा ड्रम आहे, जिथल्या तिथे राहिला तर हाउसिंगच वाकलंय. असा एक्सल फुकट दिला तरी नको. पिनियन फ्लँज वर-खाली हलवा, जराही प्ले नसावा. गोल फिरवताना थोडा ढिलेपणा मात्र चालतो. मागचं झाकण किंवा भरायचा बूच उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय, आणि आपल्याकडे पावसात पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांचे एक्सल बाजारात येतातच. बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडले की धुऊन काही होत नाही. हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या शाफ्टचे) स्प्लाइन, म्हणजे टोकाचे उभे दाते, पिळवटलेले दिसले तर तो शाफ्ट बाद. जुन्या जीपमध्ये टेपर (टोकाला निमुळता) शाफ्ट आणि हब त्यावर घट्ट धरणारी चावी असेल तर हब काढून पाहा. नट ढिला राहिलेला असला की चावी कातरते आणि टेपर खाल्ला जातो.

हँडब्रेकची केबल, बॅक प्लेट आणि प्रोपेलर शाफ्टचा जोडीचा फ्लँज त्याच वेळी मागून घ्या. नंतर एकेक शोधण्यात जन्म जातो. बिलावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहून घ्या. आणि रस्त्याचं म्हणाल तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांच्या आड येतं, तेव्हा पासिंगचं (नोंदणीसाठीच्या तपासणीचं) ठाण्याच्या आरटीओत आधीच विचारा.

प्रश्न: पाट्यांचे पॅड (पाटे टेकायच्या बैठका) हाउसिंगला वेल्ड केल्यापासून एका बाजूचं सील गळतंय आणि त्याच बाजूचं बेअरिंग तापतंय. सील दोनदा बदललं. (ऐरोली)

उत्तर: सीलचा दोष दिसत नाही. एका दमात वेल्ड केल्यामुळे नळी वेल्डच्या बाजूला ओढली गेली असावी. वर सांगितलेली पट्ट्यांची मोजणी करा. वाकलेलं निघालं तर मशीन शॉपमध्ये सरळ करून घ्या, मगच नवं बेअरिंग आणि सील. पुढच्या वेळी आधी नुसते टाके मारा, गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्या आणि कोन बघा: पिनियन गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर, त्यातही नाक एक-दोन अंश खाली, कारण ताकद लागली की ते वर उचलतं. मग २५-३० मिमीचे तुकडे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ देत. शाफ्ट आणि सील आधी बाहेर काढा.

हे सगळं करण्याआधी एक मिनिटाचं काम: ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारं भोक) उघडा. पॅड लावताना तो रंगाने किंवा चिखलाने बुजला असेल तर गरम हवा सीलमधूनच वाट काढते.